पाइपच्या गॅसवर गिझर किंवा मोठा हॉब जोडण्यापूर्वी: घरचा पुरवठा पुरेल का, हे कसे तपासावे

मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि आता राज्यातल्या इतरही अनेक शहरांत स्वयंपाकाचा गॅस पाइपने येतो. जोडणी घेताना बहुतेक कुटुंबांच्या डोळ्यांसमोर ओट्यावरची दोन किंवा तीन बर्नरची शेगडी एवढेच उपकरण असते आणि कंपनीही त्याच अंदाजाने मीटर व पाइप बसवते. पुढे घराचे काम निघते, शेगडीच्या जागी चार बर्नरचा हॉब येतो, विजेच्या गिझरऐवजी गॅसचा गिझर लावायचे ठरते आणि मग कोणीतरी सांगते की एक टी (तीन तोंडांचा जोड) टाकून फाटा काढला की काम झाले. फाटा काढणे खरोखरच सोपे आहे, पण त्या फाट्याच्या शेवटी पुरेसा गॅस पुरेशा दाबाने पोचेल का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर फाटा काढण्यापूर्वीच मिळवायला हवे. हा हिशेब अवघड नाही. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणालाही तो कागदावर करता येतो.

सुरुवातीलाच एक सीमा आखून घेऊ. या लेखातला हिशेब, मोजमाप आणि निरीक्षण ग्राहकाने स्वतः करायचे आहे. पाइप कापणे, जोड उघडणे, मीटर किंवा रेग्युलेटर हलवणे यांपैकी कोणतेही काम ग्राहकाने किंवा नेहमीच्या प्लंबरने करायचे नाही. ते काम गॅस कंपनीने नेमलेल्या माणसांचेच आहे. हिशेब हाताशी असला की त्या माणसांशी नेमके बोलता येते, हा त्याचा मोठा उपयोग आहे.

गॅस घरापर्यंत कसा येतो

रस्त्याखालच्या प्लॅस्टिकच्या पाइपमधून गॅस सुमारे चार बारपर्यंतच्या दाबाने इमारतीपाशी येतो. तिथला रेग्युलेटर हा दाब साधारण १०० मिलीबारपर्यंत (एक बार म्हणजे १००० मिलीबार) उतरवतो आणि मग भिंतीवरून वर चढणाऱ्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपमधून गॅस प्रत्येक मजल्यावर जातो. घरच्या मीटरपाशी आणखी एक छोटा रेग्युलेटर असतो, जो दाब २१ मिलीबारवर आणतो. मीटरनंतर जीआयचा किंवा तांब्याचा पाइप, मग शेगडीमागचा व्हॉल्व्ह आणि शेवटी रबरी नळी, असा हा मार्ग आहे.

यातला २१ मिलीबार हा आकडा लक्षात ठेवावा. वातावरणाचा दाब सुमारे १०१३ मिलीबार असतो, त्या मानाने २१ मिलीबार म्हणजे जेमतेम दोन टक्के. पाण्याच्या भाषेत सांगायचे तर हा दाब फक्त एकवीस सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका आहे. इतक्या कमी दाबात पाइपमधल्या घर्षणाने दोन-तीन मिलीबार जरी गेले तरी बर्नरला ते जाणवते. मीटरच्या पुढचा पाइप किती जाड आणि किती लांब आहे, याला इतके महत्त्व त्यामुळेच आहे.

पहिली पायरी: प्रत्येक उपकरणाची पाटी वाचा

घरात सध्या असलेली आणि नव्याने येणारी अशा सर्व गॅस उपकरणांची यादी करा आणि प्रत्येकापुढे त्याची उष्णताशक्ती किलोवॉटमध्ये लिहा. हा आकडा उपकरणाच्या मागे किंवा तळाशी चिकटवलेल्या पाटीवर, नाहीतर माहितीपुस्तिकेत असतो. अडचण एवढीच की प्रत्येक उत्पादक एकच माप वापरत नाही. किलोकॅलरी प्रतितास दिले असेल तर ८६० ने भागा. बीटीयू प्रतितास दिले असेल तर ३४१२ ने भागा. आपल्याकडच्या अनेक शेगड्यांवर एलपीजीचा खप ग्रॅम प्रतितास दिलेला असतो. तिथे दर १०० ग्रॅमला सुमारे १.२७ किलोवॉट धरावे, कारण एक किलो एलपीजी जळाल्यावर साधारण १२.७ युनिट, म्हणजे किलोवॉट-तास, उष्णता मिळते.

गिझरच्या बाबतीत एक काळजी घ्यावी. काही पाट्यांवर पाण्याला मिळणारी उष्णता आणि गॅसमधून घेतली जाणारी उष्णता असे दोन आकडे असतात. आपल्याला दुसरा आकडा हवा आहे, म्हणजे जो मोठा असेल तो. पाटीवर काहीच धड नसेल तर गिझरच्या क्षमतेवरून अंदाज काढता येतो. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे तर तासाला ६ गुणिले ६० गुणिले २५, म्हणजे ९००० किलोकॅलरी पाण्यात जायला हव्यात. हे झाले साधारण साडेदहा किलोवॉट. गिझरची कार्यक्षमता ८५ टक्क्यांच्या आसपास धरली तर गॅसमधून सुमारे १२ किलोवॉट घ्यावे लागतात. दहा लिटरचा गिझर याच हिशेबाने २० किलोवॉटपर्यंत जातो.

आता ओट्याकडे पाहू. चार बर्नरच्या हॉबमध्ये एक छोटा बर्नर १ किलोवॉटचा, दोन मधले प्रत्येकी १.७५ किलोवॉटचे आणि एक मोठा तीन कड्यांचा ३.५ किलोवॉटचा असेल तर एकूण ८ किलोवॉट होतात. म्हणजे ज्याला आपण ‘छोटासा गिझर’ म्हणतो तो एकटा संपूर्ण हॉबच्या दीडपट गॅस घेतो. नवख्या माणसाला हे खरे वाटत नाही, कारण गिझर एका कोपऱ्यात टांगलेला असतो आणि हॉब सगळा ओटा व्यापून असतो. पण वाहते पाणी वाहतानाच तापवायचे असल्यामुळे गिझरला तेवढी ताकद लागतेच.

दुसरी पायरी: किलोवॉटवरून घनमीटर काढा

नैसर्गिक वायूच्या एका घनमीटरमधून प्रत्यक्ष उपयोगात येणारी उष्णता साधारण ८५०० ते ९००० किलोकॅलरी असते, म्हणजे सुमारे १० किलोवॉट-तास. त्यामुळे हिशेब अगदी सरळ होतो: किलोवॉटला दहाने भागले की तासाला लागणारे घनमीटर मिळतात. वरचा हॉब पूर्ण पेटलेला असताना तासाला ०.८ घनमीटर घेईल आणि सहा लिटरचा गिझर १.२ घनमीटर. दोन्ही मिळून २ घनमीटर प्रतितास.

इथे हमखास गोंधळ होतो तो बिलामुळे. फक्त स्वयंपाकासाठी गॅस वापरणाऱ्या घराचा महिन्याचा खप पंधरा घनमीटरच्या आगेमागे असतो. तो आकडा पाहून वाटते की एवढ्याशा वापरात गिझरची भर पडली तर काय मोठेसे बिघडणार आहे. पण महिन्याचा खप आणि एका क्षणाचा प्रवाह या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मीटर आणि पाइप यांची क्षमता ठरते ती सकाळी सव्वासात वाजता, जेव्हा एकीकडे कुकर, दुसरीकडे तवा, तिसरीकडे दूध आणि बाथरूममध्ये गिझर हे सगळे एकदम चालू असते तेव्हाच्या प्रवाहावरून. महिनाभराचा खप कमी असला तरी त्या पंधरा मिनिटांत पुरवठा कमी पडू शकतो.

मोठ्या इमारतीच्या एकत्रित पाइपचा हिशेब करताना सगळी घरे एकाच वेळी पूर्ण गॅस वापरणार नाहीत, असे अभियंते धरून चालतात आणि ते योग्यच आहे. एका घरात दोन-तीनच उपकरणे असताना अशी सूट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सगळी उपकरणे एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालू आहेत, असे धरूनच बेरीज करावी. पुण्यातल्या अनेक सोसायट्यांत गच्चीवर सौर बंब असतो आणि गॅसचा गिझर फक्त पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांसाठी लावला जातो. तिथेही बेरीज पूर्णच धरावी लागते, कारण ज्या दिवशी गिझर चालेल त्या दिवशी तो पूर्ण बारा किलोवॉटच घेणार आहे.

तिसरी पायरी: मीटरची क्षमता पाहा

मीटरच्या दर्शनी पाटीवर त्याचा प्रकार आणि कमाल प्रवाह लिहिलेला असतो. घरगुती मीटर बहुधा ‘जी १.६’ प्रकारचे असते आणि त्याचा कमाल प्रवाह तासाला २.५ घनमीटर असतो. ‘जी २.५’ मीटर ४ घनमीटरपर्यंत आणि ‘जी ४’ मीटर ६ घनमीटरपर्यंत चालते. म्हणजे नेहमीच्या घरगुती मीटरमधून साधारण २५ किलोवॉट एवढीच शक्ती मिळू शकते.

आपल्या उदाहरणात हॉब आणि एक गिझर मिळून २ घनमीटर झाले, म्हणजे ‘जी १.६’ मीटर पुरते आणि थोडी शिल्लकही राहते. आता दुसऱ्या बाथरूममध्ये आणखी एक तसाच गिझर लावायचा विचार केला की बेरीज ३.२ घनमीटर होते आणि तेच मीटर अपुरे पडते. दोन बाथरूमसाठी मिळून दहा लिटरचा एकच मोठा गिझर घेतला तरी हॉबसह २.८ घनमीटर होतात, म्हणजे तेही बसत नाही. मीटरच्या कमाल प्रवाहाच्या जवळ गेले की खुद्द मीटरमध्येच दोन मिलीबारपर्यंत दाब खर्ची पडू शकतो, म्हणून बेरीज मर्यादेला अगदी टेकलेली नसावी.

मीटर बदलून घेता येते, पण मोठे मीटर लावले की सगळे सुटले असे नाही. मीटरआधीच्या छोट्या रेग्युलेटरचीही स्वतःची क्षमता असते आणि लहान मीटरसोबत बसवलेला रेग्युलेटर त्याच मापाचा असू शकतो. कंपनीकडे अर्ज करताना मीटर आणि रेग्युलेटर या दोन्हींची क्षमता नेमकी विचारावी.

चौथी पायरी: मीटर आणि घड्याळ घेऊन प्रत्यक्ष मोजा

पाटीवरचा आकडा आणि घरातली वस्तुस्थिती यांत फरक असू शकतो. तो तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. मीटरच्या आकड्यांच्या पट्टीत डावीकडचे काळे अंक घनमीटर दाखवतात आणि उजवीकडचे लाल चौकटीतले तीन अंक लिटर दाखवतात.

आधी सगळी उपकरणे बंद करा, लाल अंकांतला शेवटचा अंक आणि तो कुठे थांबला आहे ते लिहून ठेवा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. अंक तसूभरही हललेला नसावा. हलला असेल तर कुठेतरी गळती आहे. तेव्हा मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करून, खिडक्या उघडून, घराबाहेरून कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा आणि पुढचे सगळे बेत बाजूला ठेवावेत.

अंक स्थिर असेल तर ओट्यावरचे सगळे बर्नर मोठ्या आचेवर पेटवा. वर पाण्याची भांडी ठेवा, खिडकी उघडी राहू द्या आणि नेमक्या दोन मिनिटांत किती लिटर गॅस गेला ते पाहा. लिटरला ३.६ ने गुणून सेकंदांनी भागले की तासाचे घनमीटर येतात. दोन मिनिटांत २७ लिटर गेले तर २७ गुणिले ३.६ भागिले १२० म्हणजे ०.८ घनमीटर, आणि आपल्या आठ किलोवॉटच्या हॉबसाठी हे बरोबर आहे. हाच आकडा १८ लिटरवर अडकत असेल तर पाटीवरची शक्ती प्रत्यक्षात मिळत नाही आहे. त्याची कारणे दोन असू शकतात: बर्नरचे जेट (गॅस सोडणारी बारीक छिद्रे) अंशतः तुंबलेले असतील किंवा पाइपमध्ये आत्ताच दाब कमी पडत असेल. एकेक बर्नर वेगळा पेटवून पाहिल्यास कारण लक्षात येते. एकटा बर्नर नीट जळतो आणि सगळे मिळून पेटवले की सर्वांच्या ज्योती खाली बसतात, असे झाले तर दोष दाबाचा आहे. अशा घरात नवा फाटा काढण्याचा विचारही सध्याच्या दोषाचे निवारण झाल्याशिवाय करू नये.

पाचवी पायरी: मीटरपासून उपकरणापर्यंतचा पाइप

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून या पायरीवर थोडे सविस्तर थांबतो.

पाइपमधून गॅस वाहताना घर्षणाने दाब कमी होत जातो. मीटरपासून शेवटच्या उपकरणापर्यंत ही घट १ मिलीबारच्या आत ठेवावी, असा दंडक ब्रिटनमध्ये रूढ आहे. तिथेही घरगुती पुरवठा आपल्यासारखाच २१ मिलीबारचा असल्यामुळे त्यांची कोष्टके आपल्याला अंदाजासाठी उपयोगी पडतात. अंतिम माप मात्र आपल्या कंपनीच्या नियमांनुसारच ठरेल.

तीन गोष्टी समजून घ्याव्यात. एक, त्याच पाइपमधून दुप्पट गॅस ओढला तर दाबातली घट दुप्पट न होता सुमारे चौपट होते. दोन, लांबी चौपट झाली तर तेवढ्याच घटीत निम्माच गॅस मिळतो. तीन, आतला व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच घटीत साडेपाच पटींहून जास्त गॅस जातो. जाडीतला थोडा फरकही मोठा परिणाम करतो, हे यातून दिसते. त्यामुळे पाइप निवडताना मिलिमीटरमध्ये कंजुषी करू नये.

लांबी मोजताना फक्त सरळ पाइप मोजून चालत नाही. प्रत्येक एल्बो (वळणाचा जोड) आणि प्रत्येक टी गॅसला अडवतो आणि तो जणू अर्धा मीटर जादा पाइप आहे, असे धरायचे असते. सहा मीटर सरळ पाइप, पाच एल्बो आणि एक टी असेल तर हिशेबाची लांबी नऊ मीटर होते. आपल्या घरांत पाइप चौकटी, तुळया आणि कपाटे चुकवत जातो, त्यामुळे एल्बोंची संख्या भराभर वाढते. हे वळसे कमी करणे हा पाइप जाड करण्याइतकाच चांगला उपाय आहे.

आता नऊ मीटर लांबीसाठी तांब्याच्या पाइपचे आकडे पाहू. एक मिलीबार घटीत १२ मिमीचा पाइप तासाला सुमारे ०.८५ घनमीटर गॅस नेतो, १५ मिमीचा सुमारे १.५ घनमीटर आणि २२ मिमीचा सुमारे ४.६ घनमीटर. हे व्यास बाहेरचे आहेत, तांब्याचे पाइप त्याच मापाने विकले जातात.

आपल्या सहा लिटरच्या गिझरला १.२ घनमीटर हवे आहेत. ओट्यासाठी सहसा वापरला जाणारा १२ मिमीचा पाइप तसाच पुढे बाथरूमपर्यंत नेला तर तो अपुरा पडतो. त्यातून १.२ घनमीटर ओढले की घट एकाऐवजी सुमारे दोन मिलीबार होते, आणि त्यात हॉबच्या प्रवाहाने होणारी घट अजून धरलेलीच नाही. गिझरसाठी इथे १५ मिमीचा पाइप हवा.

आता मीटरपासून टीपर्यंतचा जो भाग हॉब आणि गिझर यांच्यात सामाईक आहे, त्यातून दोघांचा मिळून २ घनमीटर गॅस जातो. या भागाचा आकार ठरवतानाही लांबी नऊ मीटरच धरावी, म्हणजे मीटरपासून सर्वांत दूरच्या उपकरणापर्यंतची पूर्ण लांबी. सामाईक भाग तीनच मीटरचा असला तरी तीन मीटरच्या हिशेबाने पाइप निवडू नये, कारण मग एक मिलीबारची सगळी घट तिथेच संपते आणि पुढच्या सहा मीटरसाठी काहीच उरत नाही. नऊ मीटर लांबीला १५ मिमीचा पाइप १.५ घनमीटरच देतो, म्हणून सामाईक भाग २२ मिमीचा हवा. तो भाग अर्ध्या इंची जीआयचा असेल तर त्याची आतली पोकळी १५ मिमीच्या तांब्याच्या पाइपपेक्षा किंचितच मोठी असते आणि २ घनमीटरला तो अगदी काठावर येतो. तिथे पाऊण इंची पाइप सुचवावा.

यावरून लक्षात येईल की फक्त नवा फाटा जाड करून भागत नाही. मीटरपासून फाट्यापर्यंतचा जुना तुकडाच बदलावा लागतो, आणि नेमके तेच टाळण्याकडे कामगारांचा कल असतो. चाचणीच्या वेळी ते हॉब बंद ठेवून गिझर चालू करून दाखवतात, गिझर पेटतो आणि सगळे समाधानी होतात. अपुरेपणा उघड होतो तो दोन्ही चालू असताना. गिझर सुरू झाला की ओट्यावरच्या मंद आचेची ज्योत दबते, कधी विझते, आणि गिझर बंद झाल्यावर दाब पूर्ववत झाला की त्या विझलेल्या बर्नरमधून न जळालेला गॅस बाहेर येत राहतो. त्यामुळे ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारी सोय असलेला हॉबच घ्यावा, असा माझा आग्रह आहे.

सहावी पायरी: हवेचा हिशेब

गॅस पुरेल इतके पाहून थांबणे धोक्याचे आहे. एक घनमीटर नैसर्गिक वायू पूर्ण जळायला सुमारे दहा घनमीटर हवा लागते. आपला गिझर तासाला १.२ घनमीटर गॅस घेतो, म्हणजे त्याला तासाला १२ घनमीटर हवा हवी. सव्वा मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि अडीच मीटर उंच बाथरूममध्ये एकूण हवा सव्वासहा घनमीटरच असते. दार-खिडकी लावून अर्धा तास गिझर चालला तर त्याला लागणारी हवा खोलीतल्या सगळ्या हवेइतकी होते. प्रत्यक्षात तेवढा वेळही लागत नाही, कारण प्राणवायू थोडा कमी झाला की ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची लक्षणे अंघोळीच्या गरम पाण्याने आली असावीत असे वाटून जाते आणि माणूस तिथेच कोसळतो. गॅसला मुद्दाम दिलेल्या वासावर इथे भिस्त ठेवता येत नाही, कारण तो वास न जळालेल्या गॅसचा असतो.

म्हणून गिझर बाथरूमच्या आत लावूच नये. कोरड्या बाल्कनीत किंवा उघड्या डक्टच्या बाजूला, जिथे हवा सतत खेळती असते, तिथे तो लावावा आणि गरम पाण्याचा पाइप आत न्यावा. पाण्याचा पाइप दोन मीटर लांबला तर थोडे पाणी थंड येईल, एवढेच. बाल्कनी काचांनी बंद केलेली असेल तर ती खोलीच समजावी. तिथे बंद करता न येणाऱ्या जाळ्या हव्यात आणि त्यांतली एक छताजवळ असावी, कारण नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाली तर तो वर साचतो. सिलिंडरचा एलपीजी जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या काळातली फक्त खाली असलेली जाळी इथे पुरत नाही.

एका गोष्टीकडे सहसा लक्ष दिले जात नाही. गिझर आणि स्वयंपाकघरातली चिमणी किंवा एक्झॉस्ट फॅन एकाच बंदिस्त जागेत असतील तर पंखा बाहेर फेकत असलेल्या हवेची भरपाई गिझरच्या धुराच्या नळीतून उलटी होऊ शकते आणि जळलेला वायू घरात येतो. त्यामुळे बाथरूममध्ये गिझर आणि वर एक्झॉस्ट फॅन ही व्यवस्था सुरक्षित मानू नये.

सातवी पायरी: उपकरण कोणत्या गॅसचे आहे

एलपीजीसाठी बनवलेले उपकरण पाइपच्या गॅसवर तसेच चालवता येत नाही. आकारमानाच्या हिशेबात एलपीजीमध्ये नैसर्गिक वायूच्या अडीच ते तीनपट उष्णता असते आणि सिलिंडरचा घरगुती रेग्युलेटरही सुमारे ३० मिलीबार दाब देतो. त्यामुळे एलपीजीचे जेट बारीक असतात. पाइपच्या गॅसवर त्यांतून क्षीण ज्योत येते, आणि उलट, पाइपच्या गॅसचे उपकरण सिलिंडरला जोडले तर ज्योत धोकादायकरीत्या मोठी होते. शेगडीचे जेट कंपनीचा माणूस बदलून देतो. गिझर मात्र मुळातच पाइपच्या गॅससाठी बनवलेला घ्यावा. दुकानात तोंडी सांगितलेल्यावर न विसंबता खोक्यावर आणि पाटीवर गॅसचा प्रकार वाचूनच पैसे द्यावेत.

आठवी पायरी: अर्ज, काम आणि त्या दिवशीची तपासणी

आता तुमच्याकडे एका कागदावर सगळे आहे: उपकरणांची यादी, किलोवॉट, घनमीटरची बेरीज, मीटरचा प्रकार, पाइपचा मार्ग, एल्बोंसह लांबी आणि गिझरची जागा. हा कागद जोडून गॅस कंपनीकडे जादा पॉइंटसाठी अर्ज करा. मीटर किंवा रेग्युलेटर बदलावा लागेल का, सामाईक पाइप बदलावा लागेल का आणि एकूण खर्च किती, हे तीन प्रश्न लेखी विचारा. इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर पाइप येणार असेल तर सोसायटीचीही संमती घ्यावी लागते.

बेरीज मीटरच्या क्षमतेपेक्षा जास्त निघाली आणि मोठे मीटर मिळत नसेल तर एका बाथरूमला गॅस आणि दुसऱ्याला विजेचा साठवणीचा गिझर ही विभागणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते. ‘दोन्ही गिझर एकाच वेळी चालवायचे नाहीत’ असा घरगुती नियम करून क्षमतेपलीकडे जोडणी करू नये. पाहुण्यांना तो नियम ठाऊक नसतो आणि परीक्षेच्या सकाळी मुलांच्या तो लक्षात राहत नाही.

काम होईल त्या दिवशी घरातल्या जाणत्या माणसाने हजर राहावे. नवा पाइप भिंतीत गाडू देऊ नये, तो दिसता असावा. जोडांची तपासणी साबणाच्या पाण्याने होते, काडी किंवा लायटर पेटवून कोणी तपासू लागला तर काम तिथेच थांबवावे. रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी, ती भिंतीतून किंवा कपाटामागून आरपार गेलेली नसावी आणि प्रत्येक उपकरणाला हाताशी येईल असा स्वतंत्र व्हॉल्व्ह असावा.

सगळे जोडून झाल्यावर कामगारांना जाऊ देण्यापूर्वी ओट्यावरचे सगळे बर्नर पूर्ण आचेवर आणि गिझर पूर्ण पाण्यावर, असे एकाच वेळी चालू करायला सांगा. त्या स्थितीत गिझरपाशीचा दाब मापकावर बघून कागदावर लिहून घ्या. ज्योती निळ्या आणि स्थिर हव्यात, त्यांची टोके पिवळी दिसली तर हवा कमी पडते आहे. मग एक बर्नर अगदी मंद ठेवून गिझर दोन-तीनदा बंद-चालू करा, त्या बर्नरची ज्योत विझता कामा नये. शेवटी चौथ्या पायरीतली दोन मिनिटांची मोजणी सर्व उपकरणे चालू ठेवून करा. दोन मिनिटांत सुमारे ६७ लिटर गेले तर तासाला दोन घनमीटर, म्हणजे कागदावरचा हिशेब प्रत्यक्षात उतरला. आकडा बराच कमी आला तर कामाच्या पावतीवर सही करण्यापूर्वी कारण विचारा.

यानंतर गिझरची वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी, कारण त्याच्या उष्णता-विनिमयकाच्या पत्र्यांत काजळी आणि धूळ साचली की हवा अडते. पुढे कधी तिसरे उपकरण घ्यायचे ठरले तर हाच कागद काढून दुसऱ्या पायरीपासून बेरीज नव्याने करावी.